नोटरीच्या शिक्क्यावर जागा घेऊ नका, माझे पावणेसात लाख गेले

पुण्याजवळ दीड गुंठा घेतला, नोव्हेंबर 2022 मध्ये. इसार 51,000, खात्यातून 3,00,000, रोख 3,24,000. एकूण 6,75,000. पीएफ काढला, बायकोच्या पाटल्या मोडल्या. रोखीचा आकडा कागदात नको, असं एजंट म्हणाला, मीही मान डोलावली. रोख मागितली की तिथूनच उठा.

कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल. 500 च्या स्टॅम्पपेपरवर साठेखत (म्हणजे पुढं विकण्याचा करार), ताबा पावती, सोबत कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार). नोटरीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही, आधार कार्डही मागितलं नाही. सह्या, अंगठे, धाडधाड लाल शिक्के, 1,500 रुपये. घरी आल्यावर बायकोनं त्या कागदाला हळदकुंकू वाहिलं.

मी विचारलं होतं हो! "रजिस्ट्रेशन का नाही?" एजंट म्हणाला, "तुकडेबंदीमुळं, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे विकायच्या बंदीमुळं, गुंठ्याचं बंद आहे, सुरू झालं की करून देतो." तिथंच कळायला हवं होतं. जे सरकार नोंदवून घेत नाही ते नोटरी माझ्या नावावर कसं करणार? पण आमच्या कंपनीतल्या सात-आठ जणांनी तसंच घेतलं होतं, घरं बांधून राहतायत. मी एकटा मूर्ख नव्हतो.

यंदा कुंपण घालायला गेलो तर तिथं दुसऱ्याच्या तारा. सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचा सरकारी उतारा, काढली, तर सगळा गटच (त्या गट क्रमांकाची पूर्ण जमीन) नोंदणीकृत खरेदीखतानं दुसऱ्याला विकलेला. ही सूची पैसे देण्याआधी काढायची असते.

तलाठी म्हणाले, नोटरीवर फेरफार (सातबारावर नाव बदलणं) होत नाही. दुय्यम निबंधक, म्हणजे दस्त नोंदवणारे अधिकारी, म्हणाले, आमच्याकडं दस्तच नाही. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. अहो, एकच जमीन दोघांना विकली ही फसवणूक नाही तर काय? चार खेपा घातल्या, अर्जावर पोचसुद्धा मिळाली नाही. नोटरी म्हणतो, मी फक्त सह्यांचा साक्षीदार.

वकिलांनी फी घेऊन सांगितलं ते फुकट ऐका. 1908 च्या नोंदणी कायद्यानं 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदवावीच लागते. साठेखत आणि मुखत्यारपत्रानं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्येच सांगितलंय. सातबारावर विकणाऱ्याच्या बहिणींची नावं असतील तर त्यांच्याही सह्या घ्या. माझ्या कागदावर त्या नव्हत्याच.

एजंटचा "लगेच ताबा" फलक अजून त्याच रस्त्यावर आहे. नंबरही तोच.