चॅनेलचा विषय ओळखायचा: तयार पान की आपली शीट?

एखादं यूट्यूब चॅनेल नेमकं कशाचं आहे हे ठरवायचं, म्हणजे दोन वाटा. एक, तयार वेबपान: लिंक चिकटवायची, बटण दाबायचं, विषयांची यादी हजर. दोन, गूगल शीटला अ‍ॅप्स स्क्रिप्ट (शीटसोबत चालणारा छोटा प्रोग्रॅम) जोडून तीच माहिती स्वतः मागवायची. पाणी दोन्हीकडे एकाच विहिरीचं, यूट्यूबच्या डेटा एपीआयचं, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना माहिती देणाऱ्या त्याच्या खिडकीचं. (ब्राउझरची एक्स्टेन्शन इथे धरलेली नाहीत. ती मुख्यतः टॅग दाखवतात, आणि टॅग चॅनेलवाल्याने स्वतः लिहिलेले असतात.)

पाच-दहा चॅनेल पाहायची असतील तर तयार पान घ्यावं. एमडब्ल्यू मेटाडेटासारखं पान चॅनेलची आणि व्हिडिओची जवळजवळ सगळी सार्वजनिक माहिती एकाच ठिकाणी मांडतं. एपीआय की (माहिती मागायची चावी) काढायची कटकट नाही, कोड नाही. शीटचा पहिला अर्धा तास जुळवाजुळवीतच जातो. फक्त एक लक्षात ठेवा: की ज्यातून निघते त्या गूगलवरच्या एका प्रोजेक्टला दिवसाला साधारण १०,००० युनिटांचा कोटा मिळतो, माहिती मागवली की त्यातून युनिटं कापली जातात, आणि तयार पानाची की सगळ्या वापरणाऱ्यांत मिळून एकच असेल तर तिची युनिटं संपल्यावर आपल्यालाही थांबावं लागतं. कोटा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री नव्याने सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे तिथल्या उन्हाळी वेळेत दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला.

माझं पारडं मात्र एकाच गोष्टीने शीटकडे झुकलं. चॅनेलच्या पातळीवर मिळणाऱ्या विषयांना प्रमाण नसतं. ‘फूड’, ‘लाइफस्टाइल’, ‘टुरिझम’ अशी लेबलं एका ओळीत येतात, पण शंभरातले नव्वद व्हिडिओ पाककृतींचे आहेत की दहा, हे त्यातून कळत नाही. मसाल्याच्या जाहिरातीसाठी चॅनेल निवडणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. कोकणात फिरता फिरता चार घरांत जेवणारं चॅनेल आणि रोज चुलीवर भाकरी थापणारं चॅनेल, दोन्हींची यादी सारखीच दिसू शकते. तयार पान इथे चुकत नाही. एपीआय चॅनेलसाठी जेवढं देतं, तेवढंच ते दाखवतं. प्रमाण हवं असेल तर एकेका व्हिडिओचे विषय मागवून मोजावे लागतात, आणि शेकडो चॅनेलसाठी ते हाताने होत नाही.

शीटची रीत अशी. एक्स्टेन्शन्स मेनूतून अ‍ॅप्स स्क्रिप्ट उघडा, सर्व्हिसेसच्या अधिकच्या (+) खुणेवरून यूट्यूब डेटा एपीआय जोडा. चॅनेल आयडी ‘यूसी’ने सुरू होतो. त्यातलं दुसरं अक्षर ‘सी’ बदलून ‘यू’ केलं की अपलोड्सच्या प्लेलिस्टचा आयडी मिळतो, म्हणून तो वेगळा मागवायची गरज उरत नाही. त्या प्लेलिस्टमधले ताजे ५० व्हिडिओ एका कॉलमध्ये, म्हणजे एपीआयकडे केलेल्या एका मागणीत येतात, आणि त्या ५० आयडींचे विषय दुसऱ्या कॉलमध्ये. दोन्हींना एकेक युनिट, म्हणजे एका चॅनेलला दोन युनिटं. सर्चच्या कॉलला मात्र हात लावू नका, एकदा शोधलं की १०० युनिटं जातात.

बहुतेकांचं कुठे अडतं तेही सांगतो. प्लेलिस्टच्या कॉलमध्ये कमाल संख्या ५० अशी स्वतः लिहावी लागते. ती विसरलात तर पाचच व्हिडिओ येतात, चूक दाखवली जात नाही आणि टक्केवारी पाचावर निघते. काही व्हिडिओंना विषयांचा भागच नसतो. तो आहे का हे आधी तपासलं नाही तर स्क्रिप्ट मध्येच कोलमडते. अशा व्हिडिओंची संख्या वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण ५० पैकी ३० बिनविषयाचे असतील तर उरलेल्या वीसांच्या टक्केवारीवर फार भार देऊ नये. स्क्रिप्ट एकदा चालवली की तो रन सहा मिनिटांनी बंद पडतो, म्हणून शंभरेक चॅनेलांचे गट करा आणि झालेल्या ओळीपुढे खूण लिहा. पुढचा रन तिथूनच सुरू होईल.

मोजणीतही एक खाच आहे. विषय विकिपीडियाच्या दुव्यांच्या रूपात येतात, त्यातला शेवटचा तुकडा घ्यायचा. ‘फूड’सोबत बहुतेकदा त्याचा वरचा गट ‘लाइफस्टाइल’ही येतो. दोन्ही मोजले तर जवळपास प्रत्येक घरगुती चॅनेलवर ‘लाइफस्टाइल’च पहिल्या क्रमांकावर दिसतं. पोटविषय आला असेल तर वरचा गट गाळा. ‘म्युझिक’, ‘स्पोर्ट्स’, ‘सोसायटी’ यांनाही हाच नियम.

व्हिडिओसोबत येणारा कॅटेगरी क्रमांक मी निकालात धरत नाही. तो अपलोड करणारा निवडतो, आणि बरेच जण समोर आलेला ‘पीपल अँड ब्लॉग्ज’, म्हणजे २२, तसाच ठेवतात. विषय मात्र यूट्यूब स्वतः ठरवतं. तरी क्रमांक शेजारच्या रकान्यात असू द्या. सगळे व्हिडिओ २७ मध्ये, म्हणजे ‘एज्युकेशन’मध्ये टाकलेले दिसले, तर चॅनेलवाला स्वतःला काय समजतो हे तरी कळतं.

बातम्यांच्या चॅनेलला ५० व्हिडिओ फार अपुरे, कधीकधी ते एका दिवसाचेच निघतात. तिथे पुढच्या पानाचा टोकन (उत्तरासोबत येणारी, पुढचे ५० मागवायची खूण) वापरून २०० व्हिडिओ घ्या, आठ युनिटांत काम होतं.

आता जे दोन्ही वाटांनी जमत नाही ते. २०१७पासून यूट्यूब साठच्या आसपास निवडक विषयच परत करतं. त्यात शेती नाही. क्रिकेट आहे, कबड्डी नाही. कुस्ती शोधाल तर व्यावसायिक रेसलिंग सापडतं, लाल मातीतली नव्हे. संगीतात ‘म्युझिक ऑफ एशिया’ आहे, पण अभंग, लावणी, नाट्यसंगीत यांना वेगळी जागा नाही. त्यामुळे द्राक्षबागेच्या छाटणीवरचं उत्तम चॅनेल ‘हॉबी’ किंवा ‘नॉलेज’मध्ये जाऊन बसू शकतं, आणि ते लेबल पाहून कुणी त्याला यादीतून काढलं तर नुकसान शेतकऱ्याचं होतं. शीट असेल तर यावर थोडा इलाज आहे: व्हिडिओंची शीर्षकंही मागवता येतात आणि ‘छाटणी’, ‘फवारणी’, ‘बाजारभाव’, ‘कांदा’ असे शब्द मोजून शेतीचा आपला रकाना बनवता येतो. मराठी शीर्षकांत ‘कांद्याला’, ‘कांद्याचे’ अशी रूपं येतात, म्हणून शोध ‘कांद’ एवढ्याच तुकड्यावर ठेवा. रोमन लिपीतल्या शीर्षकांसाठी शब्दांची दुसरी यादी करावी लागते.

एखाद्या चॅनेलची झटपट खातरजमा करायला तयार पान हाताशी असावंच. निवडीची यादी तीसच्या पुढे गेली, किंवा त्यात शेती, कीर्तन, कबड्डी आली, तर शीटवर घालवलेला पहिला अर्धा तास भरून निघतो, असं मला वाटतं.