दोन सुतांची ठेच: कारखान्याच्या फरशी दुरुस्तीचा अनुभव

इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रात आमचा शेव-फरसाणाचा लहान कारखाना आहे. तळणीघरातून पॅकिंगकडे जाणाऱ्या वाटेवर कोटा फरशीचा एक सांधा उचलला गेला होता. एप्रिलमध्ये हातात क्रेट असल्यामुळे खालचे न दिसून पॅकिंगच्या एका काकू तिथेच अडखळल्या आणि मनगटावर पडल्या. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. तो सांधा दोन सूत, म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर वर होता. पायरी दिसते म्हणून माणूस पाऊल उचलतो, पण सपाट वाटेवर चालताना चवडा जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटरच वर असतो, आणि शेजारची फरशी थोडी खचलेली असली की तेवढेही अंतर उरत नाही.

त्यानंतर ज्या ठेकेदारांना बोलावले त्यांच्याविषयी हा अभिप्राय. दर सांगण्याआधी त्यांनी ॲल्युमिनियमची लांब पट्टी आणि पाण्याची लेव्हल नळी लावून सगळी वाट तपासली आणि प्रत्येक उंचवट्याशेजारी खडूने सुतांचा आकडा लिहिला. मी म्हटले, वर आलेली कड घासून द्या. ते म्हणाले, "साहेब, घासून देतो, पण पावसाळ्यानंतर पुन्हा बोलवाल." माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यात आमच्या मोरीचा पाइप गळून भरावात पाणी मुरत होते. त्यांनी आधी पाइप बदलायला लावला, मग फरशा काढून काळी माती उपसली, मुरूम टाकून धुमसाने ठोकला आणि मोरीकडे ढाळ देऊन नवा कोबा केला. दर थोडा जास्त होता, तरी हे काम चोख झाले.

तळणीघराच्या बाजूचे काम मात्र तसे उतरले नाही. तेथे इपॉक्सीच्या, म्हणजे फरशीवर पसरून कडक होणाऱ्या रसायनाच्या, थरावर खरखरीतपणासाठी वाळू पेरायची ठरली होती, पण कढईजवळच्या पट्ट्यात ती इतकी विरळ पडली की तेलाचे चार थेंब सांडताच पाय सरकू लागला. दोनदा फोन केल्यावर, नवव्या दिवशी माणसे येऊन थर पुन्हा देऊन गेली. शटरच्या उंबऱ्यावर बसवलेल्या पट्टीचे स्क्रू तर वर डोकावत होते. ठेच लागू नये म्हणून केलेल्या कामात नवी ठेच!

१९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने फरशी, जिने आणि ये-जा करण्याच्या वाटा भक्कम, सुस्थितीत व निसरड होऊ न देता ठेवण्याची जबाबदारी घालून दिली. ते कलम मी परवान्याच्या कागदांत वाचले होते. फरशीकडे मात्र पाहिले नव्हते, हा दोष ठेकेदारांचा नाही.

पट्टी बदलून मिळेपर्यंत मी शेवटचा हप्ता थांबवला होता. काल स्क्रू आत बसवलेली नवी पट्टी लागली, आणि आज पैसे दिले.