कुत्र्याच्या भित्र्या पिल्लासाठी काय घ्यावं: जाळीचा क्रेट, प्लास्टिकचा क्रेट की प्लेपेन?

सुटका करून आणलेल्या पिल्लाने पिंजरा बहुधा आधीच पाहिलेला असतो, पकडलं जाताना किंवा गाडीतून नेलं जाताना. तुम्ही हौसेने क्रेट, म्हणजे त्याला बसा-झोपायचा पिंजरा, मांडता, आत गादी घालता, आणि ते सोफ्याखाली जाऊन बसतं. दुधाने तोंड पोळलंय, ताकही फुंकूनच पिणार. म्हणून क्रेट निवडताना आधी एवढंच बघा: कशात शिरताना त्याला सगळ्यात कमी अडकल्यासारखं वाटेल?

माणसाच्या सोयीने पाहिलं तर जाळीचा क्रेट उत्तम. घडी होते, हवा खेळती राहते, मधली जाळी सरकवून पिल्लाच्या वाढीप्रमाणे जागा वाढवता येते. पण तो सगळीकडून उघडा. तीन बाजूंना चादर टाकून ते निभतं. खरी अडचण आवाजाची. ट्रे खडखडतो, दार झुलतं, आणि ते एकदा पाठीवर आपटलं की आठवडाभराची मेहनत पाण्यात. हाच घेणार असाल तर ट्रेखाली जाड फडकं घाला आणि सुरुवातीला दार मागे बांधूनच ठेवा.

प्लास्टिकचा क्रेट आतून अंधारा, आडोशाचा. भेदरलेल्या पिल्लाला कोपरा हवाच असतो. बऱ्याच मॉडेलांचा वरचा अर्धा भाग सुटा होतो, आणि माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. आधी नुसता खालचा भाग बिछान्यासारखा ठेवायचा, ते तिथे झोपू लागलं की छप्पर, आणि दार सगळ्यात शेवटी. उकाड्यात मात्र तो तापतो, आणि पिल्लू मोठं झालं की बदलावा लागतो.

प्लेपेन म्हणजे जाळीचं मोकळं कुंपण. एका टोकाला बिछाना, दुसऱ्या टोकाला शू-शीचे कागद. ढोबळ हिशेब असा की पिल्लू दिवसा जास्तीत जास्त ‘वयाचे महिने अधिक १’ इतके तास शू धरू शकतं. म्हणजे २ महिन्यांचं पिल्लू ३ तास, घाबरट असेल तर त्याहून कमी. त्यामुळे तुम्ही बराच वेळ बाहेर असाल तर क्रेट बादच समजा. मात्र कागदावर करायची मुभा मिळाल्याने बाहेर जाऊन शू करायची सवय उशिरा लागते, आणि उड्या मारणारं पिल्लू कुंपण ओलांडतं.

‘रडू द्या, होईल गप्प’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. गप्प होईलही, पण गप्प म्हणजे निवांत नव्हे. १९६७ साली सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले. पुढे सुटायची वाट असूनही त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी धडपडच केली नाही. कुत्री हतबलता शिकली, असा अर्थ त्यांनी लावला. २०१६ मध्ये त्याच दोघांनी आपला अर्थ उलटा केला: हतबलता शिकावी लागत नाही, ती आपोआप येते, शिकावा लागतो तो ‘परिस्थिती माझ्या हातात आहे’ हा विश्वास. तो पिल्लाला मिळतो उघड्या दारातून.

लाळेने छाती भिजणं, जाळी चावून हिरड्या रक्ताळणं, नखं तुटणं असं दिसलं तर क्रेट सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. तुम्ही घरात असताना क्रेटमध्ये शांत, पण गेल्यावर कासावीस? मग भीती एकटेपणाची आहे, क्रेट बदलून काही होणार नाही.

मी निवडायचं तर प्लेपेन, आणि त्यात बिनदाराचा प्लास्टिकचा क्रेट. रात्री तोच क्रेट पलंगाशेजारी. खाऊ आतच द्यायचा, पण ढकलून कधीच घालायचं नाही.

दार कधी लावायचं? खाऊ न टाकताच ते आत जाऊन आडवं झालेलं दिसलं की. आधी गळ्यातला पट्टा काढा, तो जाळीत अडकतो. पहिल्या दिवशी ५ सेकंद पुरेत, आणि ते उठायच्या आत दार उघडा.