घराच्या विम्याचा अनुभव: पहिल्या आकड्यावर सही करू नका (५ पैकी २ स्टार)

आम्ही बेळगावात वडगावच्या बाजूला राहतो, बळ्ळारी नाल्यापासून लांब नाही, त्यामुळे २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी काय असतंय ते आम्ही बघितलंय. तेव्हा विमा नव्हता. सरकारचे तातडीचे १० हजार आले तेवढ्यावर भागवलं. नंतर घराचं कर्ज काढताना बँकेतून भारत गृह रक्षा पॉलिसी घेतली, इमारतीचा १८ लाखांचा विमा, आणि हप्ता एकदाही चुकवला नाही.

गेल्या आषाढात आधी सोसाट्याच्या वाऱ्याने मागच्या खोलीचे पत्रे उडाले आणि तिसऱ्या दिवशी नाल्याचं पाणी अडीच फूट घरात. फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, दिवाण, कपाट, सगळं गेलं. वायरिंग गेली, गिलावा फुगून पडला. सासूबाईंना शेजारच्यांच्या माडीवर नेऊन बसवलं, त्या तिथून सारखं विचारत होत्या, "अगं, देव्हारा वर ठेवलास काय?"

क्लेम नोंदवणं सोपं गेलं हे खरं सांगते. फोन लगेच लागला, बाई नीट बोलली, नुकसान मोजणारे सर्व्हेअर तिसऱ्या दिवशी हुबळीहून आले. म्हणून दोन स्टार. पण ते घरात पंचवीस मिनिटं पण थांबले नाहीत, चिखलातली वॉशिंग मशीन बाहेर काढून ठेवली होती तिचा फोटोसुद्धा घेतला नाही.

आमचा हिशेब असा होता: घराची दुरुस्ती १ लाख ९८ हजार (गवंडी आणि इलेक्ट्रिशियनचं लेखी एस्टिमेट जोडून), सामान १ लाख ४ हजार, आणि घरातल्या दोन मागांचे ४० हजार. मंजूर झाले ९६,४००. मेसेज वाचून मला काही सुचेनाच. सोबत व्हाउचर, "फुल अँड फायनल", म्हणजे ह्यापुढं काही मागणार नाही असं, सही करा म्हणजे पैसे जमा. आमचे हे म्हणाले करून टाकूया, पाऊस अजून आहे, पत्रे तरी घालूया. मी नाही म्हटलं.

माझा भाऊ म्हणाला आधी सर्व्हे रिपोर्टची कॉपी माग, तो तुझा हक्क आहे. दोन मेल आणि एक रजिस्टर पत्र गेल्यावर कॉपी आली आणि मग कळलं कात्री कुठं लागली. एक, घराची किंमत २७ लाख हवी होती, विमा १८ चा, म्हणून नुकसान पण दोन तृतीयांशच धरलं, म्हणजे १ लाख ३२ हजार. दोन, त्यातून घर जुनं म्हणून ३५,६०० घसारा. तीन, सामानाची यादी आधी दिली नव्हती म्हणून सामान शून्य. मागांचे पैसे धंद्याचं सामान म्हणून नाकारले, ते मात्र बरोबर आहे, माग असणाऱ्यांनी त्यांचा विमा वेगळा काढावा, आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मग पॉलिसीचं ते बारीक अक्षरातलं पुस्तक तीन रात्री बसून वाचलं. ह्या पॉलिसीत विमा कमी रकमेचा आहे म्हणून क्लेम कापता येत नाही, हे तिच्यातच लिहिलंय. सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, यादी न देता कव्हर असतंय, म्हणजे आमचं ३ लाख ६० हजारांपर्यंत. कंपनीचाच सर्व्हेअर आणि त्याला कंपनीचीच पॉलिसी माहिती नाही, का माहिती असून असं केलं? ह्याचा मला अजून राग आहे, कारण आमच्या गल्लीत ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मिळेल ते घेतलं.

कंपनीच्या तक्रार विभागाला कलमांचे नंबर टाकून लिहिलं, पालिकेचा पंचनामा कन्नडमध्ये होता तो भाषांतर करून जोडला, पाण्याची खूण दिसणारे भिंतीचे फोटो दिले. १४ दिवसांत उत्तर द्यायचा नियम आहे, आलं नाही, म्हणून विमा भरोसा ह्या सरकारी नियामकाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली आणि त्यानंतर लगेच फोन सुरू झाले. शेवटी २ लाख ४८ हजार ६०० मंजूर केले. पहिल्याच्या अडीच पटीवर! दुरुस्तीवरचा घसारा, आता पूर्ण १ लाख ९८ हजारांवर धरून ५३,४०० रुपये, तेवढा सोडत नाहीत, आणि कुठल्या कलमाने कापला ते तीनदा विचारून पण लेखी सांगत नाहीत.

मंजूर पैसे घेतले, पण व्हाउचरवर "उरलेल्या रकमेचा वाद कायम" असं लिहूनच सही केली. आता बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज केलाय. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा वाद चालतो, फक्त कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. अर्जाला सर्व्हे रिपोर्ट, पत्रव्यवहार, एस्टिमेट सगळं जोडलंय.

पत्रे घातले, वायरिंग नवीन केली. गिलावा फक्त पुढच्या खोलीचा झालाय, मागच्या भिंती त्या ५३ हजारांसाठी तशाच ठेवल्यात. तारीख लागली की इथंच लिहीन.