पगार दाखवणारी साइट सहा महिने वापरली. खरा आकडा जेवणाच्या सुट्टीत कळला

वेगवेगळ्या कंपन्यांतले पगार दाखवणाऱ्या ज्या साइट आहेत, त्यातल्या एकीचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व मी सहा महिने वापरलं. नाव देत नाही, कारण पद्धत साधारण सगळ्यांची तीच: आधी स्वतःचा पगार निनावी भरायचा, मग इतरांचे आकडे उघडतात. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये ११ वर्षं आहे, त्यातली ९ एकाच कंपनीत.

साइट वापरायला सोपी आहे. हुद्दा, अनुभव आणि शहर टाकलं की कमीत कमी, मधला आणि जास्तीत जास्त पगार समोर येतो. नोकरी बदलताना याचा खरंच उपयोग होतो. माझ्या एका मैत्रिणीने मुलाखतीच्या आदल्या रात्री हे आकडे पाहून ठेवले आणि ‘तुमची अपेक्षा किती?’ या प्रश्नाला पहिल्यांदाच न अडखळता उत्तर दिलं. एवढ्यासाठी पाचपैकी तीन तारे.

माझा प्रश्न मात्र वेगळा होता. शेजारी बसून माझंच काम करणाऱ्याला किती मिळतं? माझ्या हुद्द्याचा वरचा आकडा खालच्याच्या जवळजवळ दुप्पट होता आणि मी मधल्या आकड्याच्या थोडी खाली. का खाली, हे विचारायचं कुणाला? कुणी बोनस धरून आकडा भरलेला, कुणी फक्त हातात येणारा पगार लिहिलेला, कुणाची नोंद तीन वर्षांपूर्वीची. भरणारा निनावी, त्यामुळे खोदून विचारायची सोय नाही.

तो आकडा पाहिल्यावर पंधरा दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसलं होतं. सहकाऱ्यांचे पगार दाखवणारी साइट आहे, असं काही जणांना मुद्दाम कळवलं गेलं. ज्यांचा पगार आपल्या गटातल्या मधल्या पगाराहून कमी होता, ते नाराज झाले आणि दुसरी नोकरी शोधायचा विचार करू लागले. जास्त पगारवाल्यांच्या समाधानात काही भर पडली नाही. मला वाटतं, आकड्यामागचं कारण कळलं तर निदान काय मागायचं ते तरी कळतं.

शेवटी टीममधल्या एकाला सरळ विचारलं. तो वयाने लहान, मला ताई म्हणतो. आधी गप्पच बसला. मग म्हणाला, “ताई, तुमचीही स्लिप काढा, दोन्ही शेजारी ठेवून बघू.” जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या मीटिंग रूममध्ये दोन फोन टेबलावर ठेवले आणि एकेक ओळ बोटाने खाली सरकवत गेलो. ग्रेड एकच. भत्त्यांची टक्केवारी सारखी. व्हेरिएबलची, म्हणजे कामगिरीवर ठरणाऱ्या भागाची, टक्केवारीही सारखी. फरक सगळा बेसिकमध्ये: त्याचा माझ्यापेक्षा १८ टक्के जास्त. तो दोन वर्षांपूर्वी बाहेरून आला, तेव्हाच्या बाजारभावाने. मी ९ वर्षं दरवर्षीच्या इन्क्रिमेंटवर चढत आले. शिवाय पहिली ऑफर त्याने नाकारली होती, म्हणून वाढवून मिळाली. हे त्याने आपणहून सांगितलं. साइटच्या कुठल्याही रकान्यात ते बसत नाही.

आम्ही दोघंही घाबरलेलो होतो, कारण ऑफर लेटरमध्ये पगार गोपनीय ठेवावा असं लिहिलेलं असतं. पण असं कलम सगळीकडे टिकतंच असं नाही. अमेरिकेत १९३५ च्या कायद्याने खासगी क्षेत्रातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना आपसात पगाराबद्दल बोलायला संरक्षण आहे. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार, भेदभावामुळे पगारात फरक पडतोय का हे शोधण्यासाठी बोलणाऱ्याला अशा कलमाने अडवता येत नाही. आपल्याकडचा नियम काय आहे, तेवढं आधी बघून घ्यावं.

न बोलण्याची किंमत काय असते, हे लिली लेडबेटर यांच्या बाबतीत दिसतं. अमेरिकेतल्या एका टायर कारखान्यात त्यांनी १९ वर्षं काम केलं. कुणीतरी ठेवलेल्या निनावी चिठ्ठीतून त्यांना कळलं की त्यांना महिन्याला ३,७२७ डॉलर मिळतात आणि तेच काम करणाऱ्या पुरुषांना ४,२८६ ते ५,२३६. त्यांनी भेदभावाचा खटला भरला. पण पगार ठरल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती, उशीर झाला, असा निकाल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी दिला. २००९ मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला, पण त्यांना स्वतःला त्या खटल्यातून काहीच मिळालं नाही. १९ वर्षांत एखाद्या सहकाऱ्याने स्लिप दाखवली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अप्रेझलला मी त्याचं नाव काढलं नाही. विचारल्याशिवाय दुसऱ्याचा आकडा पुढे करू नये, हे मी पक्कं पाळते. साइटवरचे आकडे छापून नेले आणि एवढंच विचारलं, “माझ्या ग्रेडला आज बाहेरून माणूस घेतला तर बेसिक किती देता?” मॅनेजरना तिथल्या तिथे सांगता येईना, त्यांनी एचआरला विचारलं. दोन टप्प्यांत मिळून ११ टक्के वाढ मिळाली. उरलेल्यासाठी मी पाठपुरावा करतेय.

सदस्यत्व संपलं, पुन्हा घेतलं नाही. नोकरी बदलायची झाली तर महिनाभरासाठी घेईन. कंपनीत कोणत्या वर्षी लागलात आणि बाहेरून आलात की आतून बढती मिळाली, हे दोन रकाने वाढवा असं साइटला लिहून कळवलंय. अजून उत्तर नाही. तोवर माझी स्वतःची नोंद नीट करून ठेवली आहे, बेसिक आणि बोनस वेगवेगळे लिहून.