ट्रॉलरवरच्या दहा जणांसाठी १४ लिटरचा कुकर

बोटीवर कुकर न्यायचा असेल तर झाकण आतून बसणारा, अल्युमिनियमचा, जाड बुडाचाच घ्या. या घडणीचे कुकर एकापेक्षा जास्त कंपन्या बनवतात, म्हणून मी घडणीबद्दलच लिहितो.

आमचा ट्रॉलर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातून सुटतो, तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान धरून दहा जण. जेवण माझ्याकडे आहे, पण ट्रॉलरवर नुसतं जेवण बघणारा माणूस परवडत नाही. जाळं तीनेक तास पाण्यातून ओढलं की वर घ्यायचं, आणि तांडेलाची हाक आली की पळी टाकून मीही दोराला. मग मासळी निवडायची, बर्फात भरायची. पूर्वी टोपात भात शिजत असायचा आणि नेमकी तेव्हाच हाक यायची. गॅस चालू ठेवला तर भात करपायचा, बंद केला तर अर्धाकच्चा राहायचा. दहा माणसं भिजून, दमून ताटावर बसतात तेव्हा त्यांच्यापुढे तसला भात ठेवायला जीव होत नाही.

कुकरने हे सोडवलं. वाफ धरली की आच बारीक, थोड्या वेळाने गॅस बंद, आणि मी मोकळा. बंद कुकर आतल्या वाफेवर पुढचं शिजवतो आणि मासळी भरून होईपर्यंत भात गरम राहतो. माणशी पाव किलो तांदूळ धरतो, म्हणजे एका वेळेला अडीच किलो, त्याला पाच लिटर पाणी. भरताना कुकर साधारण निम्मा होतो, भाताला त्यावर भरूच नये, कारण तांदूळ फुगतो. पेज काढायची नसल्यामुळे गोडं पाणी वाया जात नाही. आठ-दहा दिवस टाकीतल्या पाण्यावर काढायचे असतात तेव्हा ही बचत कळते.

झाकणाचं सांगतो. ते तिरकं करून आत घालायचं आणि वर ओढून कडेला टेकवायचं. वाफ आतून त्याला दाबून धरते, त्यामुळे वाफ उतरल्याशिवाय ते सुटत नाही, कोणी घाईत कितीही जोर लावला तरी. बोट कलली तर टोपाचं झाकण सरकून उकळतं पाणी अंगावर येतं. इथे आतलं आत राहतं. अर्थात आख्खा कुकर घसरू शकतो. आम्ही बिडाच्या शेगडीभोवती सळईचा कठडा वेल्डिंग करून घेतला आहे, तो नसेल तर कुकर घेऊन उपयोग नाही. सिलिंडरही उघड्यावर बांधलेला हवा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली बोटीच्या तळात साचतो आणि तिथे इंजिन असतं.

शिट्ट्या मोजू नका. बोट झुलली की शिट्टी हलते आणि अवेळी वाफ सोडते. मी घड्याळ बघतो.

डाळ यात उत्तम होते. एक किलो तूरडाळ, बटाटे, टोमॅटो, वरून लसणाची फोडणी. मासेमारी करणाऱ्यांना रोज मासेच हवे असतात असं घरच्या माणसांना वाटतं. चौथ्या दिवशी आमच्याकडे डाळीवर उड्या पडतात. आमच्यातले नेपाळी खलाशी तर डाळ-भाताशिवाय जेवल्यासारखं मानत नाहीत. चण्या-वाटाण्याची उसळ, निघाल्या दिवशीचं चिकन, हेही यातच. डाळ-कडधान्यालाही कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, फेस शिट्टीच्या भोकात अडकतो. ते भोक मी दर वेळी उजेडाकडे धरून बघतो.

मासळीला कुकर नको. बांगड्याचं किंवा तारलीचं कालवण त्रिफळं आणि आमसुलं घालून उघड्या टोपातच करावं. एक उकळी जास्त झाली तरी तुकडे मोडतात, बंद भांड्यात ते कळणार कसं?

तक्रारी आहेत. तोंड अरुंद, तळाशी हात घालून घासायला त्रास होतो. मुठीचे स्क्रू खाऱ्या हवेने गंजतात, ते बंदरावरून स्टीलचे आणून बदलले. भांडी आम्ही समुद्राच्या पाण्यानेच घासतो, पण कुकर शेवटी गोड्या पाण्याने खंगाळून पुसायलाच हवा, नाहीतर मिठाने अल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात.

सहा-सात जणांच्या बोटीला १० लिटरचा पुरे. १ ऑगस्टला पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठल्यावर दुकानात गर्दी होते, तेव्हा खरेदी जुलैतच उरका आणि त्याच मापाची दोन रबरं, एक सेफ्टी वाल्व जास्तीचा घ्या. किनारा दिसेनासा झाल्यावर रबर फाटलं तर चौदा लिटरचं ते भांडं नुसता टोप म्हणून वापरावं लागतं.