सेन्सरवर लागणारे दिवे: आठ महिने वापरल्यावर

तीन दिव्यांचा पॅक जूनमध्ये घेतला. नागपूरहून कोलकात्याला आलो तेव्हा ह्यांची ड्यूटी सेक्टर फाइव्हला, घरी यायला रात्रीचे दोन. बागबाजारात जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. लाल कोब्याची जमीन, हिरव्या झडपांच्या खिडक्या आणि खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत लांबच लांब अंधारा बोळ. बटण नेमकं पलीकडच्या टोकाला! जवळच मराठा डिच लेन आहे. १७४२ मध्ये आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने इथे खंदक खणला होता, त्याचं नाव. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई, म्हणजे माशिमा, पहिल्याच दिवशी हसून म्हणाल्या, "बर्गी एलो!" म्हणजे, मराठे स्वार आले!

उजेड छान, पिवळसर, डोळ्यांवर येत नाही. चिकटपट्टी मात्र कामाची नाही. इथल्या दमट हवेत पंधरा दिवसांत सुटली, शेवटी खिळे ठोकले.

बॅटरीचं सांगते. न्हाणीघरातला दिवा एका चार्जिंगवर महिनाभर जातो. बोळातले दोन नऊ दिवसांत उतरतात. कस्टमर केअरने बदलून दिले, तेही नऊ दिवस. हे म्हणाले, मांजर असेल. हा सेन्सर समोरून जाणाऱ्या उबेचा फरक टिपतो, पडदा हलला म्हणून सहसा लागत नाही. पण रात्री दोन्हीकडची दारं बंद असतात, मांजर येणार कुठून?

मग एका रात्री दोघंही जागलो. चार वाजून दहा मिनिटांनी खोलीजवळचा दिवा लागला. वीस सेकंदांनी विझला. मग बराच वेळ काही नाही, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी दुसरा लागला. ह्यांनी मोबाइलवर मोजलं: पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत चाळीस सेकंद. आम्हाला तेवढं अंतर चालायला आठ लागतात. आवाज कसलाच नाही. परतीचा दिवा तर कधीच लागत नाही. पुढचे चार दिवस तेच. मी म्हटलं, जाऊ द्या बाप्पा, चार्जिंग करत राहू.

कालीपूजेच्या आदल्या रात्री इथे भूत चतुर्दशी असते. चौदा पिढ्यांच्या पूर्वजांसाठी घरभर चौदा पणत्या लावतात. माशिमा आमच्याकडेही एक घेऊन आल्या. बोळातून जाताना दिवा लागला तशा थबकल्या. काय, कशाला, काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "आलो चौकाठे पोडे?" मला वाटलं, चौकटीवर उजेड पडतो का विचारतायत. मी हो म्हटलं, दिवा चौकटीवरच तर ठोकलाय, कमरेएवढ्या उंचीवर. त्यांनी मान हलवली, खाली वाकल्या आणि पणती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी ठेवली. तो उंबरा चांगला वीतभर उंच आहे, सुरुवातीला मीच दोनदा ठेचकाळले होते. बंगालीत उंबऱ्यालाही चौकाठ म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. "शाशुडी," एवढंच म्हणाल्या, म्हणजे सासूबाई, आणि खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी दिवा काढून खाली, उंबऱ्यालगत ठोकला.

पाचपैकी चार तारे. एक चिकटपट्टीचा कापला. बॅटरी अजून नऊ दिवसच जाते, त्याचा दोष दिव्याला देत नाही. परवा ह्यांनी पुन्हा मोजलं. पंचवीस सेकंद.